मोजणी मोबाईलात अडकली, म्हणून हक्क अडकत नाही



डोंगरातल्या एका पाड्यावर आम्ही तीन दिवस फिरून 27 प्लॉट मोजले. बांधाबांधाने मोबाईल घेऊन चाललो. म्हाताऱ्या माणसांनी हद्दीचे दगड, मोहाची झाडं, जुनी खळी दाखवली. रेंज नव्हती, त्यामुळे मोजणी वर गेलीच नाही, मोबाईलातच राहिली. बाजाराच्या दिवशी मोबाईल अडखळायला लागला. दुकानदार म्हणाला, “सगळं साफ करून देतो, नव्यासारखा चालेल.” आमच्या पोरांनी मोबाईल परत मागून घेतला, म्हणून वाचलो. नाहीतर 27 घरांची मेहनत पाच मिनिटांत पुसली असती.

वर न गेलेली मोजणी हरवलेली नसते. ती ॲपच्या कप्प्यात पडून असते. ती जाते आपल्या घाईमुळे. ॲप काढून टाकलं, ‘क्लिअर डेटा’ दाबलं किंवा मोबाईल रिसेट मारला, की कप्पा रिकामा. मग परत मिळणं फार कठीण.

म्हणून आधी मोबाईल चार्ज करा, रेंजमध्ये न्या, ॲप उघडून मोजणी पाठवून बघा. नाही गेली, तर ॲपमधूनच फाईल बाहेर काढता येते का ते पाहा. तेही नाही, तर केबलने संगणकाला जोडा, लॉक उघडा, ‘फाईल ट्रान्सफर’ निवडा आणि ‘अँड्रॉइड’ फोल्डरातल्या ‘डेटा’मधून त्या ॲपचं फोल्डर अख्खं उतरवून घ्या. ओडीके कलेक्ट वापरत असाल, तर भरलेले फॉर्म आणि फोटो ‘इन्स्टन्सेस’ नावाच्या फोल्डरात असतात. काच फुटली म्हणून मेमरी जात नाही. आधी काच बदला. पाण्यात पडला असेल, तर बंद करा, चार्जिंगला लावू नका.

पण आमचं खरं म्हणणं पुढे आहे. एका गावाची जमीन एका पोराच्या खिशात का राहावी? रोज संध्याकाळी वहीत उतरवा: दावेदाराचं नाव, चतुःसीमा, प्रत्येक कोपऱ्याचं रीडिंग, क्षेत्र. वन हक्क समितीसमोर वाचून दाखवा, सह्या-अंगठे घ्या. दुसऱ्या मोबाईलात नक्कल ठेवा.

कोणी म्हणेल, मग मोबाईल हवाच कशाला? हवा. चार एकर कसणाऱ्याच्या हातात दहा गुंठ्यांचा पट्टा पडतो, तेव्हा भांडायला आपला नकाशा लागतो. पण “मोजणी नाही, दावा परत” असं साहेब म्हणाला, तर मान खाली घालू नका. वन हक्क कायदा 2006 चा. त्याचे नियम 2012 मध्ये सुधारले, त्यात स्पष्ट आहे की उपग्रहाचं चित्र आणि इतर तंत्रज्ञान पुराव्याला जोड म्हणून चालेल, दुसऱ्या पुराव्याच्या जागी नाही. अमुकच कागद आणा, असा हट्टही धरता येत नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा कब्जा गावातली म्हातारी माणसं सांगू शकतात. त्यांचा लेखी जबाब हा पुरावाच आहे.

त्या तीन दिवसांत आम्हाला हद्द म्हाताऱ्यांनी दाखवली, मोबाईलने नुसती नोंदली. मोबाईल बिघडला, तरी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांचे जबाब याच उन्हाळ्यात लिहून घ्या. मोजणी ग्रामसभेची आहे, ग्रामसभेच्या दप्तरात ठेवा.

जल, जंगल, जमीन, कुणाच्या? आमच्या!