सायकल मिळाली, थांबायला कोण शिकवणार?

शाळा सुरू होण्याच्या सुमारास शहरांतील सायकलच्या दुकानांत पालकांची वर्दळ वाढते. रंग, गिअर आणि किमतीची चर्चा होते. 'दोन-तीन वर्षे तरी पुरली पाहिजे' म्हणून मुलाच्या उंचीपेक्षा मोठी सायकलही घेतली जाते. ब्रेकचा लिव्हर मुलाच्या बोटांना पोहोचतो की नाही, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. मूल तोल सांभाळायला शिकले, की सायकल आली असे मानले जाते. थांबण्याचे शिक्षण राहूनच जाते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा बळी गेला. त्यात ४,८३६ सायकलस्वार होते. याचा दोष केवळ ब्रेकवर टाकता येणार नाही. मोटारींचा वेग आणि सायकलींसाठी न उरलेली जागा यांचाही त्यात मोठा वाटा आहे. तथापि, समोर अचानक रिक्षा वळली, तर मुलाच्या हाती उरतात ते दोन ब्रेकच.

ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला चार मीटरहून अधिक अंतर कापते. धोका लक्षात येऊन बोटे लिव्हरवर आवळेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ब्रेक उत्तम असले तरी त्यानंतर सुमारे तीन मीटर लागतात. म्हणजे एकूण सात मीटर. रबर झिजलेले असेल किंवा फक्त मागचा ब्रेक वापरला, तर हे अंतर बरेच वाढते.

नेमकी येथेच एक जुनी समजूत आड येते. 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील,' असे घरोघरी सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होऊन घसरू लागते. त्यामुळे सायकल थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेकच करतो. तो एकटाच आणि एकदम आवळला, तर मात्र सायकल उलटू शकते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, दाब हळूहळू वाढवत आणि शरीर किंचित मागे नेऊन लावावेत. वळणावर वेग आधीच कमी करावा. आपल्याकडे बहुधा उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. काही परदेशी बनावटीच्या सायकलींत हे उलट असते. खरेदीच्या वेळीच ते तपासलेले बरे.

पावसाळ्यात जोखीम आणखी वाढते. रिम ओली असताना रबराची पकड कमी होते. त्यामुळे ब्रेक आधीपासून हलके दाबून रिमवरील पाणी पुसले जाऊ द्यावे लागते. हे मुलांना सांगितल्याशिवाय कळणार नाही.

दुचाकी चालवण्यासाठी परवाना आणि चाचणी लागते. सायकल हे मोटार वाहन नसल्याने तिला यातले काहीच लागत नाही. ते योग्यही आहे, कारण सायकल सर्वांना सहज उपलब्ध असायला हवी. पण त्यामुळे प्रशिक्षणाची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. स्वतंत्र मार्ग हवेतच. परंतु मार्ग चौकाशी संपतो, तेथे मुलाचे कौशल्यच कामी येते.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ आखून, वेगात येऊन रेघेवर थांबण्याचा सराव शारीरिक शिक्षणाच्या तासाला घेता येईल. पालकांनी आठवड्यातून एकदा तीन गोष्टी पाहाव्यात: लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत नाही ना, रबर झिजलेले नाही ना आणि ब्रेकची वायर उसवलेली नाही ना. सीटवर बसून मुलाचे पाय जमिनीला टेकत नसतील, तर ती सायकल अजून त्याची नाही. मोठी सायकल पुढच्या वर्षीही घेता येईल.