वाफशाआधीची चाचणी
नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या काळ्या जमिनींत सोयाबीनसाठी वापरले जाणारे रुंद सरी वरंबा यंत्र, म्हणजे एकाच फेरीत रुंद गादी तयार करून तिच्या दोन्ही बाजूंना सरी पाडणारे आणि बियाणे व खतही पेरणारे ट्रॅक्टरचलित अवजार, मृगाचा पाऊस झाल्यावर चाचणीविना थेट वावरात उतरवणे ही घोडचूक आहे. हैदराबादजवळ १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनींसाठी विकसित केलेल्या या पद्धतीत जादा पाणी सरीतून निघून जाते आणि पावसाच्या खंडात मुरलेली ओल पिकाला मिळते. तिफणीच्या चाड्यात बी सोडणाऱ्या बाईची मूठ जे प्रमाण राखी, ते आता बियाण्याच्या चकतीवर सोपवलेले असते, आणि एकच चकती प्रत्येक वाणाच्या दाण्याला जुळत नाही. म्हणून नळ्यांखाली पिशव्या बांधून, चाक फिरवून बी तोलावे. हेक्टरी ७५ किलो बियाणे आणि १८० सेंटिमीटरचा पट्टा धरल्यास १०० मीटर अंतरात १ किलो ३५० ग्रॅम बी पडले पाहिजे. त्याहीआधी बियाण्याची परीक्षा हवी, कारण सोयाबीनचे साल अतिशय पातळ असून मळणीत किंवा पोते आपटल्यानेही अंकुर दुखावतो. ओल्या गोणपाटात ठेवलेल्या १०० दाण्यांपैकी किमान ७० उगवले, तरच नेहमीचे प्रमाण पुरते. यंत्र भाड्याने घेणाऱ्या अल्पभूधारकाचे बियाणे हेच त्याचे भांडवल असल्याने, ही चाचणी भाड्यातच धरली जावी आणि ती करून दाखवल्याशिवाय चालकाने वावरात पाऊल टाकू नये.