साताऱ्याहून सांगली : आठ मिनिटे की साडेतीन तास?

मोबाइलवर ‘सातारा ते सांगली विमानाने किती वेळ’ असे विचारले, तर सात-आठ मिनिटे असे उत्तर येते. चहा गाळेपर्यंत सांगली! हा हिशेब तसा सोपा आहे. दोन शहरांमधले सरळ रेषेतले अंतर साधारण ११० किलोमीटर, त्याला विमानाच्या वेगाने भागले की झाले. फक्त विमान तेवढे नाही. कऱ्हाडला छोटे विमानतळ आहे, सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी आहे. पण दोन्हीकडे प्रवाशांचे नियमित विमान उतरत नाही. विमान गाठायचे तर साताऱ्याहून पुण्याला किंवा कोल्हापूरला जायचे, आणि तेवढ्या वाटेत सांगलीच येते.

खरी वाट जमिनीवरची, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. महामार्गाने कऱ्हाड, पुढे पेठ नाका, तिथून इस्लामपूर, आष्टा आणि सांगली. मोटारीला अडीच तास धरावेत, एसटीला तीन-साडेतीन. रेल्वे कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी असा वळसा घेऊन जाते. शिवाय सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीच्या बाजूला, म्हणजे रिक्षाचा वेळ वेगळा. पावसाळ्यात तर कोणताच हिशेब पक्का नसतो. माहुलीवरून वाहणारी कृष्णाच पुढे सांगलीच्या घाटाला लागते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तिने सांगलीची काय अवस्था केली ते सर्वांना आठवत असेलच.

या अंतराचा संबंध नमाजशीही आहे. हनफी मसलकात सुमारे ४८ मैल, म्हणजे ७७-७८ किलोमीटरच्या प्रवासाला निघालेला माणूस गावाची हद्द ओलांडली की मुसाफिर ठरतो. सांगलीत पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल, तर चार रकअतीचे फर्ज दोनच पढायचे. स्थानिक इमामांमागे मात्र पूर्ण. इथे मोजायचे ते वाटेचे अंतर. प्रवास आरामाचा झाला किंवा लवकर आटोपला म्हणून हुकूम बदलत नाही.

पण वेळेचा हिशेब सर्वांत जड जातो तो मय्यतीच्या घरी. साताऱ्यात वडिलांचा इंतकाल होतो, मुलगी सांगलीला दिलेली असते. दफनाला उशीर करू नये हे सगळ्यांना ठाऊक, आणि लेकीने शेवटचे तोंड पाहावे हेही सगळ्यांना वाटते. फोनवर जावईबापू सांगतात, “दोन तासांत पोहोचतो.” त्यावर जोहरनंतरची वेळ ठरते, मशिदीतून ऐलान होते. मग मुलांना शाळेतून आणणे, गाडी मिळवणे, पेट्रोल, आष्ट्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या. इकडे लोक उन्हात ताटकळतात, कोणीतरी पुटपुटते, आणि लेक पोहोचते तेव्हा कबरीवर माती पडलेली असते. दोन तास कोणी खोटेपणाने सांगितलेले नसतात. धीर द्यायला सांगितलेले असतात.

आमच्या मते अशा वेळी सांगलीकरांनी सरळ चार तास सांगावेत. साताऱ्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी तेवढ्या वेळात गुस्ल, कफन आणि कबरीची तयारी करून घ्यावी. ती कामे काही मिनिटांत होत नाहीतच. चार तास थांबणे शक्य नसेल, तर तेही मुलीला तेव्हाच सांगावे, म्हणजे ती वाटभर घड्याळाकडे पाहत येणार नाही. आणि जनाजाची वेळ ठरवण्यासाठीचा दुसरा फोन पेठ नाका ओलांडून महामार्गाला लागल्यावरच करावा.