गुंगी स्वस्त, शुश्रूषा महाग

स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध रात्री-अपरात्री हिंडतो, ओरडतो, स्नान घालू पाहणाऱ्या परिचारिकेवर हात उगारतो. वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहांत अशा वर्तनाला ‘त्रास’ हे नाव पडते. आणि त्रास म्हटला की बंदोबस्त ओघानेच येतो. मुळात तीव्र मनोविकारांसाठी असलेली औषधे पाश्चात्त्य देशांत या बंदोबस्तासाठी वर्षानुवर्षे सर्रास वापरली गेली.

त्याची किंमत आता अज्ञात नाही. ब्रिटनमध्ये सुबे बॅनर्जी यांनी २००९ साली सरकारला दिलेल्या अहवालातील अंदाज असा की, वर्षाकाठी ही औषधे घेणाऱ्या सुमारे १ लाख ८० हजार स्मृतिभ्रंशग्रस्तांपैकी फार तर ३६ हजारांना त्यांचा काही लाभ होतो; उलट सुमारे १,८०० जादा मृत्यू ओढवतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने या धोक्याचा इशारा २००५ मध्येच दिला होता.

मग ही प्रथा टिकली कशी? तिचे मूळ वैद्यकापेक्षा हिशेबात अधिक आहे. माणसाचा वेळ महाग, गोळी स्वस्त. परिचारिकेचे वेतन संस्थेच्या जमाखर्चात दिसते. गुंगीतल्या वृद्धाचे पडणे, त्याचा पक्षाघात, त्याचा अकाली मृत्यू त्यात दिसत नाही. बचत एकाची, भुर्दंड दुसऱ्याला. आणि ज्याला भुर्दंड पडतो त्याची तक्रार करण्याची शक्तीच रोगाने हिरावलेली!

वस्तुतः पुष्कळदा ते ओरडणे हीच तक्रार असते. नॉर्वेमधील १८ शुश्रूषागृहांतील ३५२ वृद्धांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ आठवडे पद्धतशीर वेदनाशामक उपचार मिळालेल्यांचा क्षोभ १७ टक्क्यांनी उतरला. त्यांतील बहुतेकांना साधे पॅरासिटामॉलच दिले होते. दुखणे सांगता येत नव्हते, ते वर्तनातून प्रकट होत होते. गुंगीचे औषध कधीच देऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. स्वतःच्या वा इतरांच्या जिवाला धोका असेल तेव्हा ते अल्पकाळ, देखरेखीखाली द्यावे लागते. तथापि अपवादाची वहिवाट होता कामा नये.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकत्र कुटुंबे आकसत आहेत आणि सशुल्क वृद्धनिवास वाढत आहेत. पाश्चात्त्यांची ही चूक येथेही गिरवली जाण्यास एवढे पुरेसे आहे. वृद्धनिवासाची निवड करताना खोल्या आणि बाग पाहिली जाते. पाहायला हवे ते निराळेच: रात्रपाळीला किती वृद्धांमागे किती माणसे असतात, आणि शांत राहण्याची गोळी कोणाच्या संमतीने, किती दिवस दिली जाते? शासनाने परवाना देताना आणि मुलांनी पैसे भरताना हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. वृद्धाला ते विचारता येणार नाहीत.