नाव एक, पाळणे दोन

विशेष प्रतिनिधी

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या कारंजा (घाडगे) या तालुक्याच्या गावी एकाच आठवड्यात दोन घरांत मुली जन्मल्या आणि दोन्ही घरांनी मुलीचे नाव 'आलिया' ठेवले, असे क्षणभर समजू या. एका घरी बारसे होते. पाळणा सजतो, आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात. दुसऱ्या घरी बाळाच्या कानात अजान म्हटली जाते आणि सातव्या दिवशी अकीक्याच्या वेळी नाव ठेवले जाते. दोन्ही घरांत आनंद सारखाच असतो. बाळाचा जगाशी पहिला परिचयही दोन्हीकडे कानातूनच होतो.

फरक पडतो तो उंबरठ्याबाहेर. पहिल्या घरातील नाव ऐकून पाहुणे म्हणतात, "किती गोड आणि नवे नाव आहे!" दुसऱ्या घरातील तेच नाव ऐकून बहुतेकांना काहीच म्हणावेसे वाटत नाही, कारण ते 'त्यांच्यातले' नाव असते. क्वचित पहिल्या घरातही एखादे वडीलधारे माणूस कपाळाला आठी घालून विचारते, "आपल्यात नावे संपली होती का?" तीन अक्षरांच्या एका नावाविषयी समाजाच्या मनात अशा तीन भावना एकाच वेळी नांदतात. त्या नीट उलगडून पाहण्याची वेळ आली आहे, कारण गेल्या काही वर्षांत नाव हा घरगुती विषय राहिलेला नाही.

नावे चव्हाट्यावर

२०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. गावांच्या नावांवरचा वाद राजकीय असतो आणि तो राजकारणाच्या मैदानात लढला जातो, हे समजण्याजोगे आहे. परंतु तीच धार माणसांच्या, त्यातही लहान मुलांच्या नावांपर्यंत पोहोचली. डिसेंबर २०१६ मध्ये एका चित्रपट कलावंत दाम्पत्याने मुलाचे नाव तैमूर ठेवल्यावर देशभर गदारोळ झाला. एप्रिल २०२४ मध्ये तो अनुभव मराठी घराला आला. छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका पडद्यावर साकारणारे अभिनेते चिन्मय मांडलेकर यांच्या मुलाचे नाव जहांगीर असल्यावरून समाजमाध्यमांवर त्यांच्या कुटुंबावर इतकी चिखलफेक झाली, की यापुढे महाराजांची भूमिका करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. जे. आर. डी. टाटा यांच्या नावातील 'जे' हाही जहांगीरचाच, याचे भान टीकाकारांपैकी थोड्यांनाच उरले होते.

ही दोन्ही नावे मुलांची आणि दोन्ही बादशहांची. त्यांच्यावरचा रोष इतिहासाचा आधार घेऊन उभा राहिला. 'आलिया'च्या मागे कोणताही बादशहा नाही, लढाई नाही, पराभवाची आठवण नाही. म्हणूनच नाव केवळ मूळचे अरबी असल्यामुळे लोकांना काय वाटते, हे पाहायचे तर हे नाव अधिक उपयोगी आहे.

ते आवडते का?

अरबीत 'आलिया' म्हणजे उंच, श्रेष्ठ, उदात्त. 'अली' हे नाव त्याच धातूचे. हिब्रू ही अरबीची भगिनीभाषा असल्याने तिथेही 'आलिया' हा शब्द आहे. त्याचा अर्थ चढणे, वर जाणे. इस्रायलला जाऊन स्थायिक होण्यालाही ज्यू समाज 'आलिया' असेच म्हणतो. कुलाब्याच्या किनाऱ्यावरील, म्हणजे आजच्या रायगडातील मराठीभाषक बेने इस्रायली कुटुंबांनी १९४८ नंतर मोठ्या संख्येने ही 'आलिया' केली आणि जाताना मराठीही सोबत नेली.

अर्थात, कारंज्यात किंवा पुण्यात हे नाव ठेवणारे आईबाप शब्दकोश उघडून बसत नाहीत. २०१२ मध्ये 'स्टुडंट ऑफ द इयर' हा चित्रपट आला आणि हे नाव आलिया भट्ट या अभिनेत्रीमुळे घराघरांत पोहोचले. नव्या पिढीच्या अनेक पालकांनी ते प्रथम ऐकले तेच 'भट्ट' या आडनावाला जोडलेले. त्यामुळे ते परके वाटण्याआधीच ओळखीचे झाले.

दुसरे कारण नादाचे आहे. अनन्या, काव्या, दिव्या, श्रेया या नावांच्या रांगेत आलिया सहज बसते. शाळेच्या हजेरीपटावर ती वेगळी दिसत नाही. तिसरे कारण गमतीचे आहे. कृत्तिका नक्षत्राच्या पहिल्या चरणावर, म्हणजे मेष राशीत जन्मलेल्या बाळाला पंचांगाप्रमाणे 'अ' हे अक्षर येते. गुरुजींनी काढून दिलेल्या अक्षरावरून नाव शोधताना 'आलिया'वर बोट थांबले, तर पंचांगाची त्याला हरकत नसते. अरबी शब्द पत्रिकेत विनासायास बसतो, आणि त्यात काही विसंगत आहे असे त्या घरात कोणालाही वाटत नाही.

जुनी सोयरीक

तसे वाटण्याचे कारणही नाही. मराठीने अरबी शब्दांशी सोयरीक केली त्याला कित्येक शतके झाली. महादजी शिंदे यांच्या घराण्याचा 'आलीजाबहादर' हा किताब आपण अभिमानाने उच्चारतो. त्यातील 'आली' हे 'आलिया'चेच पुल्लिंगी रूप. मालोजीराजांनी आपल्या पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली ती अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून, असे बखरींत सांगितले आहे. इनामदार, मिरासदार, मुजुमदार, मुतालिक या आडनावांच्या मुळाशी अरबी शब्द आहेत, म्हणून त्या घरांकडे कोणी संशयाने पाहत नाही.

मुलींच्या नावांतही हेच घडले आहे. 'हौस' हा शब्द अरबी 'हवस'वरून आला. मराठी शेतकऱ्याने तो आपलासा केला, त्याचा अर्थ निर्मळ केला आणि लेकीचे नाव हौसाबाई ठेवले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या, प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या कामात उतरलेल्या स्वातंत्र्यसैनिक हौसाताई पाटील २०२१ मध्ये निवर्तल्या. त्यांचे नाव परभाषेतून आले आहे, असे कोणाच्या मनातही आले नसेल.

कारंज्यातील बापाला मुलीच्या जन्माची नोंद करताना जे शब्द वापरावे लागतात, तेही पाहण्याजोगे आहेत. तो मुदतीत 'अर्ज' करतो, 'दाखला' मागतो, त्याची 'नक्कल' काढतो आणि पत्त्यात '*तालुका* कारंजा (घाडगे), *जिल्हा* वर्धा' असे लिहितो. मुदत, अर्ज, दाखला, नक्कल, तालुका, जिल्हा हे सारे शब्द मूळचे अरबी. त्या कागदावर एकट्या मुलीच्या नावाला परके ठरवायचे असेल, तर अख्खा कागदच परका ठरेल.

आक्षेपाची बाजू

तरीही आक्षेप घेणाऱ्या प्रत्येकाला संकुचित म्हणून मोडीत काढणे योग्य नाही. भाषेच्या शुद्धीचा आग्रह महाराष्ट्रात जुना आहे. शिवकालातील 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी-अरबी राज्यशब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली आणि 'दिनांक', 'महापौर' असे शब्द रूढ केले. ज्या नावाचा अर्थ आजीला कळत नाही, ते नातीला का द्यावे, हा प्रश्नही रास्त आहे. पडद्यावरच्या लाटेबरोबर आलेली नावे लाटेबरोबर जुनी होतात, हेही खरे.

परंतु या आग्रहाने राज्यकारभाराचे शब्द आणि माणसांची नावे यांत भेद केला होता. कोश झाला, तरी शहाजीराजे हे नाव शहाजीराजेच राहिले. शिवाय आजचा आक्षेप खरोखर भाषेचा असता, तर तो मूळ न कळणाऱ्या प्रत्येक नव्या नावावर घेतला गेला असता. मायरा, कायरा, कियारा ही नावे कोणत्या भाषेतली, याची चौकशी बारशाला कोणी करीत नाही. चौकशी सुरू होते ती नावाचा संबंध मुसलमानांशी जोडता येतो तेव्हाच. म्हणजे प्रश्न शब्दाच्या मुळाचा नसून तो शब्द ज्या माणसांची आठवण करून देतो, त्या माणसांचा आहे.

आडनावाची शिक्षा

आपल्या दोन आलियांची गोष्ट इथे गंभीर होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य शासनाने बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला. आईला कागदावर स्थान देणारा हा निर्णय स्वागतार्ह आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मदाखल्याचे महत्त्व वाढले. त्यामुळे पाळण्यातील नाव आता जन्मभराच्या कागदपत्रांचा पाया ठरणार आहे. या दोघींच्या कागदांवर पहिला शब्द एकच असेल. पुढचे शब्द वाचताच वाचणाऱ्याचा सूर बदलेल.

हा केवळ अंदाज नाही. मूळचे अमरावती जिल्ह्यातील अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाला ती सुमारे एक तृतीयांशच आढळली. २०२२ मध्ये 'लेड बाय फाउंडेशन' या संस्थेने खास स्त्रियांबाबत असाच प्रयोग केला. हबीबा अली आणि प्रियंका शर्मा या दोन काल्पनिक नावांनी सारख्याच गुणवत्तेचे अर्ज हजार नोकऱ्यांसाठी पाठवण्यात आले. प्रियंकाला २०८ ठिकाणांहून अनुकूल उत्तर आले, तर हबीबाला १०३ ठिकाणांहून.

'आलिया' आणि 'अली' एकाच धातूचे आहेत. पहिला शब्द पडद्यावरून आला म्हणून पाळण्यात बसला आणि दुसरा आडनावाच्या जागी आला म्हणून अर्ज बाजूला पडला. एखाद्या समाजाची नावे, गाणी, खाद्यपदार्थ आवडणे आणि त्या समाजाची माणसे शेजारी, भाडेकरू, सहकारी म्हणून चालणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आपण सहज साधली आहे. दुसरीत आपण अडखळतो. म्हणूनच दुसऱ्या घरातील आईला आपल्या लेकीचे नाव सर्वत्र आवडीचे झाले याचा आनंद वाटत असला, तरी त्या आनंदावर 'मग आम्हीच का नाही?' या प्रश्नाची सावली राहते.

वर्ध्याची शिकवण

वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. पवनारच्या विनोबांनी अरबी शिकून कुराणाचा मुळातून अभ्यास केला आणि १९६२ मध्ये 'कुराण-सार' प्रसिद्ध झाले. सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिलेल्या अमतुस्सलाम यांना ते मुलीप्रमाणे मानत. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या डोंगरावर शेख फरीद यांच्या दर्ग्याला हिंदू आणि मुसलमान दोघेही नवस बोलतात. तिथे नावाचे मूळ विचारले जात नाही.

नाव माणसाला उभे करू शकते, हेही विदर्भाने पाहिले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्यानंतर कित्येक घरांनी हीनता दाखवणारी जुनी नावे टाकून सुजाता, यशोधरा, संघमित्रा अशी नावे लेकींना दिली. नावाचे मूळ पाली की संस्कृत, यापेक्षा ते मुलीला मान देते की नाही, हे त्या घरांनी महत्त्वाचे मानले.

याउलट, अस्सल मराठी असलेले एक नाव आठवा. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशी' हे नाव मिरवावे लागणाऱ्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या नावात परभाषेचा अंशही नव्हता. शुद्ध मायबोलीतच आईबापांनी लेकीला 'तू नको आहेस' असे सांगितले होते. एकीकडे 'नकुशी', दुसरीकडे 'उंच, श्रेष्ठ' असा अर्थ असणारी 'आलिया'. मुलीच्या बाजूने विचार केला, तर यांपैकी कोणते नाव परके म्हणायचे?

कारंजा (घाडगे) या गावाच्या नावातच एक सूचना दडलेली आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावाशी गल्लत होऊ नये म्हणून कंसातले 'घाडगे' जोडावे लागते. गावांच्या बाबतीत कंसाचा उपयोग तेवढाच असतो, टपाल योग्य ठिकाणी पोहोचावे इतका. माणसांच्या बाबतीत मात्र आपण आधी कंसातले वाचतो आणि मग नावाकडे वळतो. त्या दोन आलिया सहा वर्षांनी एकाच शाळेत जातील, तेव्हा हजेरी घेताना गुरुजी 'आलिया' एवढेच म्हणतील आणि दोघी एकदमच 'हजर' म्हणतील. हा 'हजर' शब्दही अरबीच. वर्गात जे इतके सहज घडते, ते नोकरीच्या मुलाखतीत आणि भाड्याच्या घराच्या दारातही तितक्याच सहज घडावे. त्यासाठी मुलींची नावे बदलण्याची गरज नाही. बदलायला हवी ती नाव ऐकल्यावर लगेच आडनाव विचारण्याची आपली सवय.