वारसा हाताने टिकतो

आपल्या जलशांत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आमचे पूर्वज दर्यावर्दी होते.' कोकणातल्या नाखव्यांची आठवण निघते, टाळ्या पडतात. मला अशा वेळी इंग्लंडमधली एक छोटी होडी आठवते. तिच्याबद्दल मी नुसते वाचले आहे, पण ती मनातून जात नाही.

तिचे नाव मिरर. १९६२ साली जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती आखली. 'डेली मिरर' या वर्तमानपत्राची होडी, म्हणून शिडे लाल. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे, सांध्यांवर फायबरची पट्टी आणि रेझिन लावायचे, की घरच्या गॅरेजात होडी तयार. किटची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. साध्या पगारदारालाही शिडाची हौस परवडू लागली. अशा ७० हजारांवर होड्या झाल्या.

त्यांतल्या कित्येकींनी आज पन्नाशी ओलांडली आहे. हिवाळ्यात मालक जुने वॉर्निश खरवडतात, कुजलेले लाकूड काढून नवे बसवतात आणि उन्हाळ्यात शर्यतीत उतरतात. शर्यत आहे म्हणून दुरुस्ती होते आणि दुरुस्ती होते म्हणून कसब पुढच्या पिढीकडे जाते.

आपण मात्र वारसा भाषणात ठेवला. कार्यानुभवाचा तास परीक्षेच्या सरावाला देण्याची चूक शिक्षक म्हणून मीही केली आहे. हजरत नूह अलैहिस्सलाम यांनाही नौका आयती मिळाली नव्हती, बांधावी लागली होती. मुलांना पूर्वजांची नावे जरूर सांगू या. पण त्यांच्या हाती रंधाही देऊ या.