दार उघडले, पण निरोप कोणाला गेला?

शाळेत असतानाच कॉलेजचा विषय शिकावा आणि त्याचे क्रेडिट पुढे पदवीसाठी धरले जावे, असे कायदे अमेरिकेतील एकेका राज्याने गेल्या 40 वर्षांत केले आहेत. तिकडे हायस्कूल बारावीपर्यंत असते. अकरावी-बारावीतली मुलगी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन किंवा आपल्याच शाळेत बसून इंग्रजी लेखन, गणित, इतिहास असा कॉलेजचा एखादा विषय शिकते. ती पास झाली की त्या एकाच अभ्यासाची नोंद दोन ठिकाणी होते, शाळेच्या निकालात आणि कॉलेजच्या गुणपत्रकावर. याला तिकडे ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. 2022-23 या एका वर्षात सुमारे 25 लाख शाळकरी मुलांनी असा किमान एक विषय घेतला. कम्युनिटी कॉलेजांतील दर पाच विद्यार्थ्यांपैकी जवळपास एक आज शाळकरी आहे.

अमेरिकेत कॉलेजची फी भल्याभल्यांना कर्जात बुडवते. पदवीचे वर्षभराचे क्रेडिट शाळेतच फुकट पदरात पडले तर गरिबाच्या घरात तेवढे कर्ज कमी होते आणि मूल तेवढ्या लवकर कमावते होते. म्हणूनच हा कायदा कोणासाठी आहे आणि त्याचा फायदा कोण घेतो, हे तपासणे आम्हाला अगत्याचे वाटते.

या कल्पनेचा उगम पाहा. 1974 साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात एक हायस्कूल सुरू झाले. तिथे पहिल्या नंबरची मुले घेतली नव्हती. जी मुले शाळा सोडून जातील अशी धास्ती होती, तीच मुले मुद्दाम कॉलेजच्या वातावरणात आणून बसवली. आपल्या पोराला कॉलेजची पायरी चढताना ज्या घरात कोणी कधी पाहिले नाही, तिथल्या मुलाला ती पायरी रोज चढायला लावायची, एवढा साधा विचार त्यामागे होता. आम्हाला तो क्रांतिकारक वाटतो.

पुढे कायदे झाले आणि या विचाराची दिशा बदलली. पहिला मोठा कायदा मिनेसोटा राज्याने 1985 साली केला. गव्हर्नर रुडी पर्पिच यांनी त्यासाठी जोर लावला होता. अकरावी-बारावीच्या मुलांची फी आणि पुस्तके सरकारने द्यावीत, असे ठरले. शाळांनी विरोध केला. कारण उघड होते. मूल कॉलेजात गेले की त्याच्या वाट्याचा सरकारी पैसाही शाळेतून कॉलेजकडे जात होता. मग कायद्यात एक विलक्षण कलम आले. कॉलेजांनी मुलांना अभ्यासक्रमाचे गुण सांगावेत, पण इथे शिकल्याने तुमचे पैसे वाचतील असे सांगून बोलावू नये! म्हणजे सवलत फुकट, पण ती फुकट आहे याची जाहिरात करायला बंदी. 2014 साली मोठ्या शाळा-जिल्ह्यांपुरती आणि ठरावीक वर्षांपुरती ही बंदी सैल केली गेली, तोवर शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्या तिथून बाहेर पडल्या होत्या. ज्यांचे आईबाप स्वतः पदवीधर, त्यांना जाहिरातीची गरज नव्हती. त्यांच्या घरी ही गोष्ट जेवताना बोलली जात होती. गरज होती ती कारखान्यात आणि हॉटेलात राबणाऱ्यांच्या पोरांना, आणि नेमक्या त्यांच्याच कानावर हात ठेवला गेला.

निरोप कोण पोहोचवतो यावर माणसाचे आयुष्य कसे फिरते, हे आंबेडकरी समाजाला वेगळे सांगायला नको. सयाजीराव महाराज होतकरू अस्पृश्य मुलाला मदत करतील, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी जाणले आणि ते तरुण भीमरावाला महाराजांकडे घेऊन गेले. दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी.ए. झाले. पण प्रत्येक वस्तीत केळुसकर गुरुजी कुठून आणायचे? ते काम कायद्यानेच करायला हवे. ओहायो राज्याने ते काही अंशी केले आहे. तिथे 2015 पासून लागू असलेल्या योजनेत सहावीपासूनच्या मुलांना या सवलतीची माहिती दरवर्षी देणे शाळांवर बंधनकारक आहे. सरकारी शाळेतल्या मुलाला सरकारी कॉलेजात फी नाही आणि पुस्तकांचे पैसेही नाहीत. मूल नापास झाले तर शाळा-जिल्हा पालकाकडून खर्च मागू शकतो, पण आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातील मुलांना यातून सहसा संरक्षण आहे. हे कलम ज्याने लिहिले त्याला गरिबाची भीती कळली होती, असे आम्ही म्हणतो.

तरीही देशभरचे चित्र समाधानकारक नाही. शाळांमध्ये कृष्णवर्णीय मुलांचा जो वाटा आहे, तेवढा या योजनेत नाही. इंग्रजी घरची भाषा नसलेली मुले तर फारच मागे आहेत. यावर सातत्याने बोट ठेवणारे एक प्रमुख संशोधन केंद्र कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये आहे. बाबासाहेब 1913 ते 1916 ज्या विद्यापीठात शिकले, तेच हे विद्यापीठ.

मुले मागे का राहतात? प्रवेशासाठी बऱ्याच ठिकाणी चाचणी किंवा वरच्या गुणांची अट असते. ज्या शाळेत गणिताचा धड शिक्षक नाही, तिथल्या मुलाने ती चाचणी कशी द्यावी? शाळेतच कॉलेजचा विषय शिकवायचा तर शिक्षकाला त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण लागते, असा नियम अनेक राज्यांत आहे. असा शिक्षक गरीब वस्तीच्या शाळेत टिकत नाही. मग उरते कॉलेजात जाणे. तिथे बस कुठली आणि भाडे कोणाचे? मिनेसोटात अगदी गरीब घरांना प्रवासखर्च परत मिळतो, पण तो परत मिळतो, आधी खिशातून घालावा लागतो. या साऱ्यावर 'ती मुले तयारच नाहीत' असा शेरा मारला की काम भागते. लायकीची ही भाषा आमच्या परिचयाची आहे. लाग्वार्डियाने 1974 साली त्याच मुलांना आत घेऊन शिकवले होते, हे मात्र सोयीने विसरले जाते.

टेक्सासने 2023 साली केलेला कायदा या बाबतीत उल्लेखनीय आहे. ज्या मुलाला मागच्या चार वर्षांत कधीही शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाची पात्रता मिळाली असेल, त्याला योजनेत सहभागी कॉलेजात हे विषय पूर्ण फुकट. नवा दाखला नको, साहेबाची सही नको. शाळेला जे आधीच माहीत आहे, त्यावरूनच हक्क ठरतो. टेक्सासचे राज्यकर्ते काही गरिबांचे कैवारी म्हणून ओळखले जात नाहीत. तरीही हे कलम त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

योजनेत धोकेही आहेत. सोळाव्या वर्षी मिळालेली नापासाची नोंद कॉलेजच्या गुणपत्रकावर कायम राहते. सरकारी विद्यापीठ जे क्रेडिट धरते ते नामवंत खासगी विद्यापीठ धरेलच असे नाही.

आता आपल्याकडे. 2021 साली क्रेडिटची बँक आली, 2023 साली शाळेपासून पीएच.डी.पर्यंतचा राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर झाला. अकरावीच्या मुलाला पदवीचे क्रेडिट देणारा कायदा आपल्याकडे नाही, पण त्यासाठी लागणारी चौकट मांडली गेली आहे. महाराष्ट्रात तर अकरावी-बारावीला आपण ज्युनियर कॉलेजच म्हणतो. अनेक ठिकाणी ते आणि पदवीचे वर्ग एकाच इमारतीत भरतात. तरी खालच्या मजल्यावरच्या मुलाला वरच्या मजल्याचे काही मिळत नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे ती मुले नावापुरती ज्युनियर कॉलेजात आणि दिवसभर खासगी क्लासमध्ये असतात. आमची मुले शिष्यवृत्तीची वाट पाहत फीची पावती सांभाळत बसतात.

कॉलेजशिक्षणाचा खर्च सरकार फीमधून वसूल करते आणि त्यामुळे खालच्या वर्गांना ते परवडत नाही, ही तक्रार बाबासाहेबांनी 1927 साली मुंबई कायदे मंडळात मांडली होती. तेव्हा क्रेडिट शाळेत आणण्याचा मसुदा उद्या निघालाच, तर आमच्या संघटनांनी त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. प्रत्येक आश्रमशाळेत आणि समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात मराठीतून माहिती देण्याची सक्ती, फी आधी भरून मागाहून परत मिळण्याला बंदी, आणि ज्याला शिष्यवृत्ती मंजूर आहे त्याला दुसरा कोणताही दाखला न मागता प्रवेश. मसुद्यावर हरकती घेण्याची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते, म्हणून ही तयारी आतापासून करावी.